लग्नाशिवायचे फुगे

सेबेस्टियनच्या तोंडून 'नाही' हा शब्द वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यात कुणी ऐकला नव्हता, आणि 'हो' तर त्याहून कमी. लग्नाच्या वेळी फादरनी विचारलं तेव्हा तरी तो 'हो' म्हणाला असणार, नाहीतर फ्लॉसी आज त्याच्या घरात नसती. पण त्याची मोठी बहीण सालोमी त्यावरही शपथ घ्यायला तयार नव्हती. ती म्हणायची, नुसती मान हलवली होती मेल्याने. एरवी त्याचं उत्तर एकच, 'बघू.' छपराचे पत्रे बदलायचे का? बघू. सणाला पाहुण्यांना बोलवायचं का? बघू. माणूस वाईट नव्हता. कुणाला दुखवायचं त्याच्या जिवावर यायचं, आणि त्यापायी तो सगळ्यांनाच लटकत ठेवायचा.

गंमत म्हणजे समुद्रात हाच माणूस निराळा होता. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर बोट कुठे वळवायची, हे तो एका नजरेत ठरवी आणि मग खलाशांनी कितीही कटकट केली तरी बदलत नसे. धक्क्यावर पाय ठेवला की मात्र त्याचं मेण व्हायचं.

रिचेल त्याची धाकटी. बारावी सायन्सला चांगले मार्क, मग प्रवेश परीक्षा, आणि आता रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात तिचा नंबर लागला होता. चार वर्षं हॉस्टेलवर राहून शिकायचं. मंगळवारी कागदपत्रं घेऊन तिथे हजर व्हायचं, नाही झालं तर जागा पुढच्याला.

"कसलं कॉलेज बोललीस?" सेबेस्टियनने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"माशांचं, डॅडी. फिशरीज."

तो इतका हसला की चहा लुंगीवर सांडला. "अगो, मासे शिकायला रत्नागिरीला? हितला समुद्र काय आटला?"

ही गंमत त्याला एवढी आवडली की त्याने ती बोटीवर सांगितली, धक्क्यावर सांगितली, बर्फवाल्याला सांगितली. सगळे हसले. रिचेल हसली नाही, पण चिडलीही नाही. रोज संध्याकाळी तो ओट्यावर जाळं शिवत बसला की ती शेजारी बसायची आणि समजावायची. कोळंबीची शेती कशी करतात, तिचं बी कुठून येतं, माशांना रोग कोणते होतात, मासळी बर्फात कशी ठेवली की जास्त टिकते, आणि आपल्या जाळ्यात पापलेट दरवर्षी बारीक का होत चाललंय. सेबेस्टियन सुई चालवत 'हं' म्हणायचा. ऐकतोय की नाही, ते त्याच्या देवदूतालाच ठाऊक. शेवटी ती विचारायची, "मग जाऊ ना?" आणि तो म्हणायचा, "बघू."

खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कारण साधं होतं. रिचेलवर त्याचा जीव होता. फ्लॉसी मुळात कमी बोलणारी, थोरला जोएल तर बापाच्या वरताण मुका. घरात आवाज असायचा तो रिचेलचा. बोट धक्क्याला लागायच्या आधीच ती काठावरून ओरडायची, "काय आनलंस?" विडी पेटवली की तीच ती हातातून काढून घ्यायची. ती गेल्यावर आपण तिघं काय करणार, समोरासमोर बसून भात चावणार? आणि एक भीतीही होती. आळीतली जी दोन-चार मुलं शिकली, त्यांनी वसई रोडला, नालासोपाऱ्याला फ्लॅट घेतले. आता ती फक्त सणाला येतात आणि सुक्या बोंबलांच्या वासाने नाकाला रुमाल लावतात. रिचेलने रुमाल लावला तर?

जोएलचं प्रकरणही घरात कुणी विसरलं नव्हतं. दहावीनंतर त्याला डिझेल मेकॅनिकचा कोर्स करायचा होता. अर्ज केला, नंबर लागला. तेव्हाही सेबेस्टियन नको म्हणाला नव्हता. बघू म्हणाला होता. त्याचं बघून होईपर्यंत तारीख निघून गेली, आणि जोएल गुपचूप बोटीवर आला. आजही भर समुद्रात इंजिन बंद पडलं की तोच हात काळे करून ते चालू करतो. सेबेस्टियन तेवढा वेळ उगाच क्षितिजाकडे बघत राहतो.

तेव्हा सालोमी काही बोलली नव्हती. या वेळी ती शुक्रवारीच येऊन थडकली. सालोमी विधवा बाई. उभी हयात वसईच्या बाजारात मासळीची पाटी लावून बसलेली. गिऱ्हाईक नुसतं भाव विचारून पुढे गेलं तर त्याच्या पाठीत नजर रुतवणारी. तिने ओट्यावर बसकण मारली.

"सेबा, पोरीचं काय ठरलं?"

"बघू ना."

"कवा बघनार? मंगळवार गेल्यावर?"

"अगो, बघू बोललो ना एकदा."

सालोमीने आत बघितलं. फ्लॉसी रिचेलचे कपडे इस्त्री करून एकावर एक रचत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोघी नणंद-भावजयींची नजरानजर झाली. सालोमी गुडघ्यांवर हात टेकून उठली. "बरं, तू बघ," म्हणाली आणि तडक रोझमेरीकडे गेली.

रोझमेरीकडे गावच्या भांड्यांच्या खोलीची किल्ली असते. मोठे टोप, पराती, हातभर लांब झारे. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यावेत, घासूनपुसून परत आणून ठेवावेत. सालोमीने सगळ्यांत मोठा टोप मागितला.

"कशाला गो?"

"फुग्यांना. आमच्या रिचेलचे."

रोझमेरीने पुढे एक अक्षर विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? मैदा, अंडी आणि नारळाचं दूध कालवून आदल्या दिवशी पीठ आंबवायचं, मुठीतून पिळून एकेक गोळा तेलात सोडायचा आणि तो टम्म गोल होऊन वर येताना बघायचा, हे काही रोजचं खाणं नव्हे. असे टोपभर फुगे आळीतल्या बायका जमून तळतात ते लग्नाला. पोर घर सोडून निघते, तिची पाठवणी गोड व्हावी म्हणून. अठरा वर्षांच्या पोरीच्या नावाने मोठा टोप गेला, म्हणजे पोरीचं जमलं. एवढं तर गावातल्या कोंबड्यांनाही कळतं. सालोमीच्या पाठीमागे दार लागतं न लागतं तोच रोझमेरी चपला शोधू लागली.

शनिवारी सेबेस्टियन बोट घेऊन परतला तेव्हा धक्क्यावरचे लोक त्याच्याकडे बघून उगाचच हसत होते. एकाने पाठीवर थाप मारली. दुसरा म्हणाला, "सेबा, चांगली कोळंबी इकू नको हां आता, घरी ठेव." सेबेस्टियनला वाटलं, आपल्या रत्नागिरीच्या विनोदावरच हसतायत. तोही हसला. घरी आला तर सालोमी अंगणात भल्यामोठ्या टोपात कोपरापर्यंत हात घालून पीठ आपटत होती. तिच्या घरी उद्या काहीतरी असेल, असा विचार करून तो आंघोळीला गेला. माणूस दमलेला होता आणि फार चौकशी करण्याचा त्याचा स्वभावही नव्हता.

रविवारी सकाळची मिस्सा संपली आणि लोक चर्चच्या आवारात नेहमीसारखे घोळके करून उभे राहिले. पाऊस नुकताच थांबला होता. सेबेस्टियन छत्री झटकत होता, तेवढ्यात रोझमेरीचा नवरा एरॉल गंभीर तोंड करून समोर येऊन उभा राहिला.

"सेबा, आमी काय परके झालो? आमच्या रायनमधे काय कमी होतं?"

"रायनमधे?"

"जहाजावर हाय पोरगा. दारू नाय, काय नाय. एक शब्द तरी टाकायचा होतास."

"जाऊ दे हो," रोझमेरी मागून म्हणाली, पण आवाज आवारभर जाईल अशा बेताने. "अर्नाळ्याचा पोरगा लय मोठा हाय बोलतात. आखातात असतो. विरारला फ्लॅट हाय त्याचा. आपन कुठे पुरनार?"

शुक्रवारपासून रविवारपर्यंत त्या नवऱ्या मुलाला नोकरी लागली होती, फ्लॅट मिळाला होता, आणि कुणी कुणी तर त्याच्या बहिणीचं नणंदपण कसं कडक असेल इथवर पोचलं होतं. एवढी प्रगती जिवंत माणसाचीही होत नाही.

"कोन अर्नाळ्याचा?" सेबेस्टियनला काही उलगडेना. "कसला पोरगा?"

"आता लपवतोस कशाला? मोठा टोप नेलाय सालोमीने. तुमच्या अंगनात पीठ भिजलंय. गाव आंधळं हाय काय?" एरॉल म्हणाला.

भोवती माणसं जमली होती. फ्लॉसी खाली मान घालून उभी होती. जोएल शेजारी. रिचेल आत्याबरोबर आधीच घरी गेली होती, ते एक बरं झालं. कारण तेवढ्यात एक म्हातारी हळूच म्हणाली, "पोर तर आता कुठे बारावी झाली. एवढी घाई कशाला पडली बाबा?"

त्या 'घाई'वर तिने दिलेला हेल सेबेस्टियनच्या कानात उकळत्या तेलासारखा गेला. त्याच्या पोरीबद्दल? भर चर्चच्या आवारात? त्याने आयुष्यात कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. तो चढला की केवढा होतो, हे त्यालाही त्या दिवशीच कळलं.

"लग्न नाय नि काय नाय! माझी पोरगी शिकायला चाललीय! रत्नागिरीला, कॉलेजात! परीक्षा देऊन नंबर काढलाय तिने! मंगळवारी हजर व्हायचं हाय, आन उद्या मी, मी सोता तिला घेऊन निघतोय!"

लोक सेबेस्टियनकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर सेबेस्टियनही आतून स्वतःकडे बघत होता. हे कोण बोललं? फ्लॉसीने मात्र मान वर केली होती. तिचे डोळे असे चमकत होते की वीस वर्षांत त्याने ते तसे पाहिले नव्हते.

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं. त्याच्याच बोटीवरचा एक खलाशी. "मासे शिकायला, सेबाकाका? हितला समुद्र काय आटला?"

स्वतःचा विनोद दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कसा लागतो, ते सेबेस्टियनला तेव्हा समजलं. "आटेल उद्या!" तो गरजला. "पापलेट बघतोस ना केवढं येतं? तळहाताएवढं नाय! का येतं, सांग बघू? कोळंबीचं बी कुठून आनतात, ठावं हाय? माशाला रोग पडला तर कोनाला इचारशील, मना? मासळी बर्फात कशी रचायची त्याचं पन शास्त्र हाय. हसतो कसला!"

जाळं शिवता शिवता 'हं' म्हणणाऱ्या माणसाने सगळं ऐकलं होतं, शब्द न् शब्द. तो ओरडून थांबला, धापा टाकू लागला. मग एकदम आठवून म्हणाला, "पन उद्या बोटीचं..."

"बोट मी सांभाळतो," जोएल म्हणाला. "तू जा तिला घेऊन."

जोएल एवढंच बोलला. सेबेस्टियनने त्याच्याकडे बघितलं आणि या वेळी नजर दुसरीकडे वळवली नाही.

घरी पोचला तो रागातच. अंगणात चूल धडधडत होती, आळीतल्या सात-आठ बायका पिठाभोवती बसल्या होत्या आणि लग्नातलीच गाणी म्हणत होत्या. शिकायला निघालेल्या पोरीचं गाणं त्यांना येत नव्हतं. कुणी रचलंच नव्हतं. तेव्हा नवऱ्याच्या गावाचं नाव आलं की तिथे रत्नागिरी घालून त्या पुढे जात होत्या आणि हसून हसून लोटपोट होत होत्या.

"सालोमी!" सेबेस्टियन म्हणाला. "लग्न हाय बोलून गावाला कोनी सांगितलं?"

"मी नाय," सालोमीने झारा न थांबवता सांगितलं. "मी फुगे बोलली. पोर घर सोडते तवा फुगे करतात. आजवर सगळ्या लग्न करूनच घर सोडत्या झाल्या, त्याला मी काय करू? आपली पयली दुसऱ्या कामाला चालली, म्हनून काय तिला कोरडी पाठवू?"

"पन मी बघू बोललो होतो ना?"

"मग बघ की. बसून बघ. आमी तळतो."

बायका पुन्हा हसल्या. त्याच वेळी रोझमेरी फाटकात आली. गाल फुगलेले होते, पण रायनला कुणी डावललं नव्हतं हे कळल्यामुळे अर्ध्याहून जास्त राग उतरला होता. ती जरा वेळ उभी राहून बघत होती. शेवटी कुणाचा तरी वाकडातिकडा फुगा तिला सहन होईना. "सरक गो, असा पिळतात काय," म्हणत तिने बाह्या वर केल्या आणि पिठात हात घातला.

रिचेल यात कुठेच नव्हती. सेबेस्टियनने आत बघितलं. खाटेवर इस्त्रीचे कपडे तसेच रचलेले होते, बॅग शेजारी उघडी होती, रिकामी. ती त्याला मागच्या बाजूला सापडली. पालथ्या घातलेल्या जुन्या होडीवर बसली होती.

"हितं काय करतेस? तिकडे तुझेच फुगे चाललेत."

ती होडीचा सुटलेला रंग नखाने खरवडत राहिली.

"आता झालं ना सगळं? उद्या निघायचं. चर्चपुढे सगळ्या गावाला सांगून आलोय मी."

"कळलं मला. रोझमेरी आंटीच्या आधी चार जणांचे फोन आले."

"मग? बॅग भर."

"तू गावाला सांगितलंस, डॅडी." रिचेलने वर बघितलं. तिचे डोळे लाल होते. "मला कुठे सांगितलंस? दोन आठवडे मी तुला विचारतेय. गावाने डिवचलं म्हणून तू रागात बोललास. उद्या तुझा राग गेला की? गाडीत बसल्यावर तुझं तोंड पडलं की? मी चार वर्षं तिकडे असंच समजून राहू, की डॅडीने मला नाइलाजाने सोडलं?" ती थांबली. मग हळू म्हणाली, "तू जोएललापण नाही म्हणाला नव्हतास."

सेबेस्टियन तिच्या शेजारी होडीवर बसला. तिकडे बायकांचं गाणं चढलं होतं. त्याने ते संपू दिलं.

"मना करमनार नाय," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय. तुला वाटलं मी मासे शिकायला हसतो. हसत नव्हतो गो. भ्यायलो होतो. घरात कोन बोलनार? बोट लागली की कोन ओरडनार? आन शिकलीस, मोठी झालीस, मग आमच्या घराला वास येतो बोललीस तर?"

"डॅडी, काय पण!"

"थांब, बोलू दे. एकदाच बोलतोय." त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "जोएलला मी अडवलं. नाय न बोलता अडवलं. पोर कधी बोलला नाय मना, पन मना रोज दिसतं ते. तुझं तसं नाय करनार."

त्याने तिच्याकडे तोंड वळवलं. भर समुद्रात वाऱ्याकडे बघतो तसं तिच्याकडे सरळ बघितलं.

"जा," तो म्हणाला. "मी बोलतोय, तुझा बाप. गावासाठी नाय. मना वाटतं तू जावं. आन शिकून हितंच परत ये, असं मी सांगनार नाय. यायचं का नाय, ते तू तिकडे बघून ठरव. मना इचारू नको."

रिचेलने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मुसमुसून रडू लागली. सेबेस्टियनलाही रडू आलं. तिकडे अंगण बायकांनी भरलेलं होतं, कुणीही मागे येऊन बघितलं असतं. तो उठला नाही आणि त्याने तोंडही फिरवलं नाही.